घरचे फोटो साठवायचे: कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या डिस्कवर

फोटो जपायचे ठरलं की लोक आधी डिस्क विकत आणतात. खरं तर डिस्क हा यातला सगळ्यात सोपा भाग, कारण ती पाच-सहा वर्षांनी बदलायचीच असते. आधी ठरवायचं ते वेगळंच. तुम्ही हयात नसताना, किंवा नुसते गावाला गेलेले असताना, भाचीला हे फोटो साध्या कॉम्प्युटरवर उघडायचे झाले तर तिला काय काय लागेल? एखादं खास अ‍ॅप, तुमचा पासवर्ड, तुमच्या फोनवर येणारा ओटीपी, यातलं एक जरी लागत असेल तरी तिच्यापुरते ते फोटो नसल्यातच जमा. पुढचं सगळं याच कसोटीवर घासून लिहिलं आहे.

आधी कागदावरचे फोटो. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की २,४०० बाय ३,६०० म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल मिळतात. ३०० डीपीआयला त्याच्या पाव, साडेएकवीस लाख. तेवढ्यात त्याच मापाचा प्रिंट नीट निघतो, पण लग्नाच्या ग्रूप फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांचा चेहरा मोठा करायला गेलात तर हाती ठिपके लागतात. १,२०० डीपीआयला फाइल चौपट होते आणि बहुतेक लॅब-प्रिंटमध्ये कागदाच्या पोताखेरीज नवीन काही दिसत नाही. अपवाद दोन: पासपोर्ट साइझ फोटो आणि जुने कॉन्टॅक्ट प्रिंट. आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात १२० चा रोल लागायचा, ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे, आणि पैसे वाचवायला अनेक घरांत निगेटिव्हच्याच मापाचे प्रिंट काढून घेत. ते चिमुकले प्रिंट दिसतात त्याहून कितीतरी जास्त बारकावा धरून असतात. ते १,२०० लाच स्कॅन करा. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह हाताशी असेल तर प्रिंट बाजूला ठेवून निगेटिव्हच घ्या, ३,२०० डीपीआयला. साधारण ४,५०० बाय ३,००० पिक्सेलची फाइल मिळते.

प्रत्येक ठिपक्याचा रंग किती बारकाईने नोंदवायचा, २४ बिट की ४८ बिट? चांगल्या अवस्थेतल्या फोटोला २४ पुरतं. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट आठवा: सगळे लालसर झालेले, जणू अख्खं लग्न संध्याकाळच्या उन्हात लागलं. त्या कागदातला निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवला तरी उडतो, मग लाल तेवढा उरतो. हा तोल परत आणताना उरलेला फिका रंग ताणावा लागतो. २४ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, त्या ताणल्या की आकाशात आणि गालांवर पट्टे उमटतात. ४८ बिटांत ६५,५३६ पायऱ्या, ताणायला भरपूर जागा. म्हणून रंग उडालेले फोटो ४८ बिटांत, बाकीचे २४ मध्ये. कृष्णधवल फोटोही रंगीतमध्येच स्कॅन करा. कागदाचा पिवळटपणा, स्टुडिओचा शिक्का, कोपऱ्यातली शाई हे सगळं त्या फोटोचाच भाग आहे.

स्कॅनर घेताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कॅननच्या लाइड मालिकेसारखे चपटे, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर सीआयएस जातीचे असतात. काचेला अगदी चिकटलेलंच त्यांना स्पष्ट दिसतं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, उन्हाळे-पावसाळे खाऊन वाकलेला फोटो मधोमध धूसर येतो. एप्सनच्या व्ही ६०० सारखे सीसीडी स्कॅनर जाडजूड आणि महाग, पण दोन-चार मिलिमीटर उचललेला भागही ते नीट टिपतात, आणि निगेटिव्हसाठी झाकणात दिवाही असतो. आणखी एक: धुळीचे डाग आपोआप काढणारं 'डिजिटल आइस' कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही. त्यातल्या चांदीला इन्फ्रारेड किरण पार करता येत नाहीत, त्यामुळे स्कॅनरला चित्रच धूळ वाटतं. ते बंद ठेवा. शार्पनिंग, रंगसुधारणा वगैरे आपोआप होणाऱ्या बाकीच्या गोष्टीही बंद. मूळ स्कॅन कच्चा असावा, नटवणं नंतर कधीही करता येतं.

चिकट पानांच्या आणि वर प्लॅस्टिकच्या पडद्याच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून हलके करवतीसारखा सरकवत न्या. तरीही सुटला नाही तर पान तसंच स्कॅनरवर ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही तोच न्याय, काचेसकट स्कॅन करायचा. वरचं कुंकू आणि उदबत्तीची काजळी आधी किंचित ओलसर फडक्याने पुसून घ्या. पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर शिंपडलंत तर कडेने आत जातं. खरबरीत, जाळीदार पोताचे मॅट प्रिंट स्कॅनरमध्ये चकाकतात, ते कॅमेऱ्याने काढावेत: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकेक दिवा, आणि कॅमेरा बरोबर डोक्यावर. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजू! तिथे काहीही लिहिलेलं असेल तर तिचाही स्कॅन, त्याच क्रमांकाला शेपूट जोडून.

आता फाइलचा प्रकार. मूळ स्कॅनसाठी टिफ. या फॉर्मॅटची सहावी आवृत्ती १९९२ ची, आणि आजही प्रत्येक धडधाकट फोटो-सॉफ्टवेअर ती वाचतं. कंप्रेशनचा, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याचा, पर्याय विचारला तर 'नको' म्हणा. त्याची कारणं दोन. ४८ बिटांच्या फाइलवर एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीचं कंप्रेशन लावलं तर फाइल बऱ्याचदा उलट मोठी होते. आणि डिस्कवर एखादा बिट पालटला तर कंप्रेशन नसलेल्या चित्रात एक पिक्सेल बिघडतो, जेपेगमध्ये मात्र त्या ठिकाणापासून खालचं अर्धं चित्र सरकू शकतं किंवा जांभळं होऊ शकतं, कारण तिथे प्रत्येक तुकड्याचा अर्थ आधीच्या तुकड्यावर टेकलेला असतो. आकार विचाराल तर ४ बाय ६ चा फोटो २४ बिटांत २६ एमबी, ४८ मध्ये ५२. दोन हजार फोटो म्हणजे ५२ ते १०४ जीबी. आजच्या डिस्कला हे किस झाड की पत्ती. फोटोशॉपचे लेयर मात्र टिफमध्ये ठेवू नका, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडतीलच असं नाही.

त्या टिफवरून ९५ च्या आसपास गुणवत्तेची एक जेपेग काढा, ती वाटायला. जेपेगही १९९२ चंच आणि मरणार नाही, पण दर वेळी बदल करून सेव्ह केलं की ते ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र नव्याने पिळतं. एकदा पिळलेलं डोळ्याला कळत नाही. चार जणांनी चारदा कातरून सेव्ह केलेलं कळतं, कडांभोवती मुंग्या फिरल्यासारख्या दिसतात. नुसती उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने मात्र जेपेग झिजत नाही, ही भीती उगाच पसरली आहे. टिफ झेपत नसेल तर सर्वोच्च गुणवत्तेची जेपेग एकदाच काढा, तिला मूळ माना आणि पुन्हा हात लावू नका. अजिबात स्कॅन न होण्यापेक्षा हे हजारपट बरं.

फोन-कॅमेऱ्यातले फोटो जसे आले तसेच ठेवायचे. जेपेगची टिफ करून गेलेलं काही परत येत नाही, फक्त जागा जाते. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, एचईआयसी फाइल काढतो. ती आकाराने लहान आणि गुणवत्तेने उत्तम, पण विंडोजला ती वाचायला बऱ्याचदा वेगळं एक्स्टेन्शन बसवावं लागतं. मूळ एचईआयसी ठेवा आणि जे फोटो खरोखर जपायचे त्यांची जेपेगही शेजारी ठेवा. केबलने कॉम्प्युटरवर घेताना फोटोंच्या सेटिंगमध्ये 'कीप ओरिजिनल्स' निवडलेलं असू द्या, नाहीतर वाटेतच जेपेग होते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो फोनवर नसतातच, फोनवर असते ती छोटी प्रतिमा. अशा वेळी केबल लावून 'सगळं घेतलं' म्हणणारे बरेच जण फसतात. लाइव्ह फोटो म्हणजे एक चित्र आणि एक छोटी एमओव्ही फाइल. त्यांचं नाव सारखं असतं, ते मोडू नका. डीएसएलआरच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या, फाइलींसोबतही जेपेग असावी, कारण रॉ प्रत्येक कंपनीची वेगळी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो हा शेवटचा पर्याय. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली काढल्याची तारीख, कॅमेरा, ठिकाण पुसलं जातं. फाइलच्या नावात दिसते ती तारीख पाठवल्याची, काढल्याची नव्हे. काकांनी १९८२ च्या मुंजीचा फोटो २०१९ मध्ये पाठवला तर मुंज २०१९ ची होते. नातेवाइकांना एकच सांगायचं: फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

तारखेचा घोळ स्कॅनमध्येही होतो. स्कॅनर फाइलला आजची तारीख देतो, मग फोटो दाखवणारं प्रत्येक अ‍ॅप पणजीला यंदाच्या दिवाळीत बसवतं. एक्झिफमधली, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या तारीख-कॅमेऱ्याच्या नोंदीतली, 'काढल्याची तारीख' बदलायला एक्झिफटूल किंवा डिजिकॅम ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. फक्त साल माहीत असेल तर १ जानेवारी टाका आणि 'तारीख अंदाजे' असं वर्णनात लिहा. मागे 'अक्षय्य तृतीया, शके १८९६' असं असेल तर शकात ७८ मिळवा, १९७४ आलं. पण पौष-माघ-फाल्गुनातला फोटो जर इंग्रजी वर्ष पालटल्यानंतरचा असेल तर ७९ मिळवायचे. माघी गणपतीचे फोटो यामुळेच एका वर्षाने मागे पडलेले सापडतात.

आता वर्णन. फोटोत कोण आहे हे अ‍ॅपमध्ये लिहिलंत तर ते अ‍ॅपच्या पोटात राहतं आणि अ‍ॅपबरोबर जातं. ते फाइलच्या आत लिहायचं. एक्झिफच्या वर्णनाच्या जागा इंग्रजी अक्षरांपुरत्या आखलेल्या आहेत, तिथे मराठी लिहिलं की पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसण्याचा संभव असतो. एक्सएमपी ही फाइलच्या आतलीच दुसरी नोंद युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरपद्धतीवर, चालते, तिथे देवनागरी सुखरूप राहते. डिजिकॅममध्ये वर्णन फाइलमध्ये लिहिण्याची सेटिंग चालू आहे का ते आधी पाहून घ्या, आणि एका फोटोवर लिहून तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून खात्री करा.

काय लिहायचं यात तर आपली खास अडचण आहे. 'आजी' कुणाची आजी? लिहिणाऱ्याची. तीस वर्षांनी वाचणाऱ्याची ती खापरपणजी असेल. 'नाना', 'अक्का', 'बाळू' यांची खरी नावं दोन पिढ्यांत कुणालाच आठवत नाहीत. लग्नात आडनाव बदलतं, कित्येक घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. माहेरच्या अल्बममधली इंदू आणि सासरच्या अल्बममधली सुमती एकच, हे कुठेतरी एकदा लिहून ठेवायलाच हवं. म्हणून असं लिहा: 'डावीकडून: सुमती, माहेरची इंदू, हाक अक्का, तिच्या मागे थोरले दीर.' नाव, दुसरं नाव, हाक. रांग नेहमी बघणाऱ्याच्या डावीकडून.

फाइलचं नाव मात्र देवनागरीत नको, आणि हे मराठीप्रेमाने लिहितो आहे. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये एका अक्षराने लिहिता येतो, किंवा साधा र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. मॅकची जुनी फाइल-पद्धत नावं साठवताना पहिल्याचं दुसरं करते. मग तेच फोल्डर विंडोजवर नेलं की 'वऱ्हाड' शोधून सापडत नाही, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर तेच फोल्डर दोनदा धरतं. कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाड, सगळ्यांची हीच गत. शिवाय लिनक्सवर आणि घरगुती नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) एका नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट असते. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ खुणांत खेळ खलास. इंग्रजी अक्षरांत आधी साल, मग महिना, मग क्रमांक, मध्ये आडव्या रेघा. एवढं बास. गोष्ट आतल्या वर्णनात.

आता डिस्क. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हा ३-२-१ चा नियम अजून कुणी सुधारू शकलेलं नाही. घराबाहेर म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमध्ये नव्हे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये शिरलेलं पाणी गल्ली पाहून शिरलं नव्हतं. चिपळूणची प्रत पुण्याला, पुण्याची नागपूरला, आणि गणपती-दिवाळीला जाणं-येणं होतं तेव्हा अदलाबदल.

दोन प्रती फिरत्या तबकडीच्या साध्या हार्ड डिस्कवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकाच खोक्यातल्या दोन डिस्का एकाच सुमाराला मान टाकू शकतात. खिशात मावणाऱ्या अनेक डिस्कांत यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्याच सर्किटवर असतो. तो हलला की आतली डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालणं जमत नाही, माहिती काढून देणाऱ्याचं बिल येतं. मोठी साडेतीन इंची डिस्क आणि वेगळं खोकं घेतलं तर ही भीती नाही. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह रोजच्या कामाला उत्तम, कपाटात विसरायला नाही. त्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिलं की तो भार गळतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या उद्योगसंस्थेचं मानक, लिहिण्याची क्षमता संपलेली असताना, ३० अंशांत एक वर्षाची हमी मागतं. तापमान वाढलं की ही मुदत घटते. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या लोखंडी कपाटाचा हिशोब आपापला करावा.

लग्नाच्या डीव्हीडी असतील तर हा लेख नंतर वाचा, आधी त्या कॉपी करा. त्यांच्यातला थर सेंद्रिय रंगाचा असतो, तो उडतो. आतल्या व्हीओबी फाइली (व्हिडिओ त्यांच्यातच असतो) जशाच्या तशा घ्या, 'एमपी-फोर' करायची घाई नको. एम-डिस्क नावाच्या तबकड्यांत थर खनिजाचा असतो, त्या टिकतील. पण सोनीने लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, आणि लॅपटॉपमधून ड्राइव्ह तर केव्हाच गेले. तबकडी टिकली तरी भाचीकडे वाचणारं यंत्र असेल का?

डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅट ही पद्धत निवडा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीकडे वाचता-लिहिता येते. तिचा दोष एवढाच की लिहीत असताना केबल ओढली तर फोल्डरांची यादी बिघडू शकते. 'इजेक्ट' म्हणायची सवय लावा. डिस्कला पासवर्ड नको. बँकेची कागदपत्रं त्याच डिस्कवर ठेवायची असतील तर दुसरी डिस्क घ्या.

तिसरी प्रत क्लाउडवर, पण तो बॅकअप आहे की नुसतं सिंक हे ओळखा. सिंकमध्ये फोनवर पुसलेला फोटो सगळीकडून जातो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये साधारण ३०. गूगलची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. त्याआधी 'हाय क्वालिटी'मध्ये चढवलेले मोठे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत लहान झालेले आहेत, त्यांना मूळ समजू नका. 'टेकआउट'ने सगळं उतरवून घेतलं की तुम्ही गूगलमध्ये बदललेल्या तारखा आणि वर्णनं फोटोत नसतात, शेजारच्या जेसन फाइलीत असतात. त्या फाइली कचरा समजून पुसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एक्झिफटूलने आधी त्या फोटोत ओतून घ्या.

दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं पुसलं जाऊ शकतं, डिसेंबर २०२३ पासून हे धोरण लागू आहे. 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये दहापर्यंत माणसं नेमता येतात, अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' पाचपर्यंत. दहा मिनिटांचं काम, आजच करा.

वर्षातून एकदा दोन्ही डिस्का जोडा. फाइल नीट आहे हे उघडून बघून कळत नाही, दहा हजार फोटो कोण उघडणार? प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, आत जरा काही बदललं की हाही बदलतो) पहिल्या दिवशी काढून यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पॉवरशेलमध्ये आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये त्याची आज्ञा आधीपासून असते, विंडोजवर टेराकॉपी कॉपी करतानाच पडताळणी करतं. पुढच्या वर्षी तो आकडा जुळला नाही तर ती फाइल दुसऱ्या डिस्कवरून आणायची. मात्र आधी तिथला आकडा जुळतोय ना ते पाहा, नाहीतर बिघडलेली फाइल चांगलीवर चढवली जाते. वर्णन बदललेल्या फाइलीचा आकडाही बदलतो, म्हणून वर्णनं लिहून झाल्यावरच यादी काढा.

शेवटी एक कागद. सातबारा आणि विम्याची कागदपत्रं ज्या फाइलीत असतात तिच्यात घाला, आणि तोच मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये डिस्कवरही ठेवा. प्रती कुठे कुठे आहेत, कुठल्या फोल्डरमध्ये मूळ आणि कुठल्यात वाटायच्या, डिस्क कुठल्या साली घेतली, क्लाउडचं खातं कुणाच्या नावावर. आणि डिस्कला पासवर्ड लावलेला नाही हेही ठळक लिहा, नाहीतर लोक तोच शोधत बसतील.